पाळण्यातला आर

आमच्याकडे अक्षरं नुसती उभी नसतात.
आडवं पडलेलं अक्षर आळशी,
पंख काढले तर उडतं,
खाली चंद्रकोर ओढली तर ते पाळण्यातलं.

आमचा आर पाळण्यातला.
आजोबांनी लोहाराकडून करून आणला,
गाईच्या डाव्या पुठ्ठ्यावर उठवायला.
घरातला खरा पाळणा हलला एकदा वडिलांसाठी,
मग लायलसाठी, मग माझ्यासाठी.
पुढे फक्त पुठ्ठ्यांवर.
डाग म्हणा, डागिना म्हणा,
आमच्या घरात एवढाच.

विमानातून जाणारे लोक
नेब्रास्का आलं की खिडकीची झडप खाली ओढतात.
म्हणतात, खाली काही नाही.
काही नाही म्हणजे किती, ते मोजलंय का कुणी?
नजर दमेपर्यंत वाळूच्या टेकड्या
आणि त्यांच्यावर गवताची साय.
नांगर लावला की फाटते.
म्हणून नांगर नाही.
म्हणून गाई.

मोटारीच्या पाटीवर आमच्या जिल्ह्याचा आकडा: सहासष्ट.
समोरून सहासष्ट आला
की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं.
हात नाही. बोट.
ओमाहाहून आलेल्या वकिलाने विचारलं, याचा अर्थ काय?
म्हटलं, अर्थ असता तर दोन उचलली असती.

वकील आला होता कारण लायल गेला होता.
जानेवारीत. जमीन इतकी गोठलेली
की खड्ड्यासाठी आधी शेकोटी पेटवावी लागली.
मे महिन्यात मी कळप विकला,
दोनशे बारा गाई, व्हॅलेंटाइनच्या लिलावात.
अकरा मिनिटं लागली.
हातातला कागदी कप
मी घरापर्यंत तसाच आणला.

मग सरकारी पत्र आलं:
आपल्या डागाची मुदत संपत आहे.
पुढील चार वर्षांसाठी हवा असल्यास
येथे सही.
ते मिठाच्या बरणीखाली ठेवलं.
गाई नाहीत, तर आर कुणावर?

ऑक्टोबरात डेल्बर्ट कुचेराचा फोन.
गुरांचे डाग तपासणं ही त्याची नोकरी,
कमी बोलणं हा स्वभाव.
"आर्डिथ, वेस्टरगार्डच्या कळपात तुझी गाय आहे."
"मला गाई नाहीत, डेल्बर्ट."
"तिला ते माहीत नाही.
केस वाढले होते, भादरून बघितलं. पाळण्यातला आर."

अडतीस मैल. मध्ये किती कुंपणं, देव जाणे.
बघताक्षणी ओळखली,
अर्धा कान हिमाने खाल्लेली.
दोन वर्षांपूर्वी मार्चच्या वादळात हरवली,
लायल तीन दिवस शोधत होता,
चौथ्या दिवशी घोडाच उठेना,
तेव्हा वहीत तिच्या आकड्यावर त्याने फुली मारली.

आणि आता ती उभी, रवंथ करत,
जणू मीच हरवले होते.
पोटाशी वासरू. काळं. कोरं.

वेस्टरगार्ड म्हणाला,
"गाय ज्याची, वासरू त्याचं."
दोन वर्षांच्या चाऱ्याचे पैसे घेईना.
चोकचेरीच्या जॅमच्या बाटल्या मात्र
त्याने मोजून आत नेल्या.

ट्रेलरचं दार उघडलं,
तशी ती वळणं न चुकता
पवनचक्कीखालच्या हौदावर गेली.
वासरू पात्यांच्या सावलीला बिचकलं,
मग सावलीच हुंगू लागलं.

मुदत शुक्रवारची.
पोस्ट बावीस मैलांवर.
पत्रावर मिठाचे चार खडे,
ते मी बोटाने बाजूला केले.
शेडमधल्या खुंटीवर लोखंड आहे अजून,
कोळ्याने त्यात घर केलंय.

रात्री लायलची वही काढली.
फुली पेनातली होती. खोडता येईना.
चिमटीत पेन धरून
बराच वेळ बसले,
मग फुलीच्या खाली
एक कोर ओढली.